माउई बेटावरील शर्यत व एक वड

पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी हवाई बेटांची जी माळ आहे, तीत आकाराने दुसरे बेट म्हणजे माउई. २०१८ सालच्या ऑक्टोबरात तेथे जाण्याचा मला योग आला. कारण थोडे विलक्षण होते, आणि त्याची आमच्या घरात महिना-दोन महिने चर्चा झाली. मी तेथे शर्यतीत भाग घेण्यास चाललो होतो, व माझे वय त्या वेळी एक्कावन्न वर्षांचे होते.

शर्यत कसली, हे आधी सांगावयास हवे. प्रथम समुद्रात दीड किलोमीटर पोहावयाचे; मग ओल्या अंगानेच सायकलीवर बसून डोंगरातील पायवाटांनी सुमारे ३२ किलोमीटर जावयाचे; आणि सायकल ठेवली की तशाच वाटांनी सुमारे साडेदहा किलोमीटर धावावयाचे. मध्ये विश्रांती नाही. जोडे बदलण्यास लागलेला वेळही हिशेबात धरतात. डांबरी रस्त्यांवरील ट्रायथलॉन आता आपल्याकडेही परिचित झाली आहे; ही तिची रानात वाढलेली बहीण होय. ‘एक्सटेरा’ या नावाने ती ओळखली जाते. १९९६ साली ती माउई बेटावरच ‘अ‍ॅक्वाटेरा’ या नावाने प्रथम झाली, व पुढे तिला जागतिक अजिंक्यपदाचे स्वरूप आले. धंदेवाईक खेळाडूंबरोबर निरनिराळ्या वयोगटांतील हौशी माणसेही तीत उतरतात. मात्र त्यांना आधी एखाद्या प्रादेशिक शर्यतीतून जागा मिळवावी लागते. माझी जागा कशी मिळाली, तेही प्रामाणिकपणे सांगतो. माझ्यापुढे आलेल्या गृहस्थांनी ती नाकारली, म्हणून ती माझ्यापर्यंत आली.

आमच्या घरी या बेताला दादांचा विरोध होता, आणि त्यास कारणही तसेच होते. आमचे वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. दुपारचे जेवण करून आरामखुर्चीत बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. दादा तेव्हा कॉलेजात होते. शिक्षण सोडून त्यांनी नोकरी धरली व आम्हां धाकट्या भावंडांना शिकविले. त्यामुळे माझे वय वडिलांच्या वयाजवळ येऊ लागले, तसतसे दादा माझ्या ताटातील तुपाकडेही लक्ष ठेवू लागले होते. डॉक्टरांनी सर्व तपासण्या करून परवानगी दिली, तरी त्यांचे समाधान होईना. शेवटी निघण्याच्या आदल्या दिवशी ते एवढेच म्हणाले, “छातीत काही वेगळे वाटले, तर थांबशील ना?” मी “थांबेन” म्हटले. सौभाग्यवतीने बरोबर जावे, अशी अट वहिनींनी घातली व ती तिने आनंदाने मान्य केली.

माउई बेटावर पाऊल ठेवताच परक्या देशात आल्यासारखे वाटत नाही, याचे कारण पायाखालच्या मातीत आहे. आपला सह्याद्री ज्या काळ्या ज्वालामुखी खडकाचा बनला आहे, त्याच जातीच्या खडकाचे हे बेटही आहे. तो झिजून जी लोहयुक्त माती होते, ती येथेही कोकणातल्यासारखीच तांबडी. पावसाची तऱ्हाही ओळखीची. पश्चिम माउईच्या डोंगरांचे सर्वांत उंच शिखर ‘पुउ कुकुई’ सुमारे ५,७८८ फूट उंच असून तेथे वर्षास सरासरी साडेतीनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. पृथ्वीवरील अतिवृष्टीच्या जागांत त्याची गणना होते. आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी, वाऱ्याच्या आडोशाला असलेले लहैना गाव मात्र जवळजवळ कोरडे. महाबळेश्वरी धो धो कोसळणारा पाऊस फलटणास पोहोचेपर्यंत कसा आटून जातो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

लहैना ही एके काळी हवाईच्या राजांची राजधानी होती. १८४५ साली ती तेथून हलली. गावातील जुन्या कचेरीसमोर एक प्रचंड वड आहे. १८७३ सालच्या एप्रिलमध्ये, ख्रिस्ती मिशन गावात येऊन पन्नास वर्षे झाली म्हणून तो लावण्यात आला. त्या वेळी ते आठ फुटांचे रोप होते, आणि ते आणले होते हिंदुस्थानातून! आम्ही पाहिला तेव्हा तो साठ फूट उंच झाला होता आणि पारंब्यांचे खांब करून त्याने सबंध चौक व्यापला होता. दिवस वटपौर्णिमेचा नव्हता, जवळ सूतही नव्हते. तरी सौभाग्यवतीने बुंध्याला हात लावून नमस्कार केला. काय मागितले, हे मी विचारले नाही.

शर्यतीचे ठिकाण लहैनाच्या उत्तरेस कापालुआ हे होते. येथील उतारांवर पूर्वी अननसाचे मळे असत. ती शेती २००९ साली बंद पडली. समुद्रकाठी आपल्या कोकणात असतात तशीच सुरूची झाडे आहेत. २८ ऑक्टोबरला सकाळी त्या सुरूंच्या खाली आम्ही शेकडो लोक जमलो, तेव्हा वाटांवर चिखल झाल्याची वार्ता सर्वांच्या तोंडी होती.

पोहण्याविषयी फार लिहीत नाही. पाणी कोमट होते, लाटा मोठ्या होत्या, आणि खारे पाणी मी भरपूर प्यालो. खरी परीक्षा डोंगरात झाली. ती तांबडी माती ओली झाली की कणकेसारखी चिकटते. दहा-वीस वेढे होताच चाक व सांगाडा यांच्यामध्ये तिचा लगदा बसून चाक फिरेनासे होई. मग उतरावे, काटकीने चिखल काढावा, चार पावले जावे, पुन्हा तेच. माझ्याहून तरुण व बळकट माणसे उतारावरून घसरत होती. सायकल परत आणण्यासही वेळेची मर्यादा होती. ती चुकली की धावू देत नाहीत.

एका चढावर माझे हृदय इतक्या जोराने धडधडू लागले की मला दादांचे शब्द आठवले. मी वाटेच्या कडेला सायकल आडवी टाकून दगडावर बसलो. मनगटावर बोट ठेवले. बाजूने लोक जात होते, एक बाई “ठीक आहात ना?” असे विचारून थांबल्या, त्यांना मी मान हलवून जाण्यास सांगितले. दिलेला शब्द मोडावयाचा नव्हता, पण खोट्या निमित्ताने परतावयाचेही नव्हते. म्हणून मी स्वतःस सरळ प्रश्न केले. छातीत दुखते आहे काय? नाही. हाताला कळ येते काय? नाही. डोळ्यांपुढे अंधारी? नाही. नाडी दोन-तीन मिनिटांत खाली येऊ लागली. तेव्हा मला उमगले की माझ्यापाशी येऊन बसली होती ती केवळ ती आरामखुर्ची. गेली कित्येक वर्षे मी तिच्याकडे पाहत म्हातारा होत होतो. थांबावयाचे वचन मी छातीसाठी दिले होते, भीतीसाठी दिले नव्हते.

मी उठलो आणि सायकल चक्क खांद्यावर घेतली. श्रावणात राजगडाच्या वाटेवर निसरड्यातून चालण्याची सवय येथे कामास आली. ज्यांचे पाय घसरत होते, त्यांतल्या काहींना मी चालतच मागे टाकले! मर्यादेच्या थोड्या मिनिटे आधी सायकल ठेवली, आणि उरलेले अंतर पळत, चालत, चिखलात एकदा लोळण घेत दुपारी दोननंतर पुरे केले. माझ्या गटात माझा क्रमांक शेवटून मोजणे सोयीचे होते.

त्या दिवशी पुरुषांत कोस्टा रिकाचे रोम अकरसन व स्त्रियांत स्कॉटलंडच्या लेस्ली पॅटरसन विजयी झाल्या. या बाईंची गोष्ट वाचकांस आवडेल. रेमार्क यांच्या पहिल्या महायुद्धावरील प्रसिद्ध कादंबरीचा चित्रपट व्हावा म्हणून त्यांनी २००६ साली हक्क मिळविले, आणि ते टिकविण्यासाठी वर्षानुवर्षे शर्यतींतील बक्षिसांचे पैसे खर्ची घातले. तो चित्रपट २०२२ साली निघाला व त्याला चार ऑस्कर पारितोषिके मिळाली. चिखलातून सायकल ओढण्याची सवय दुसऱ्याही कामी येते, ती अशी.

संध्याकाळी घरी फोन केला. शर्यत पुरी झाल्याचे सांगितले. दादा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, “जेवलास का?”

२०२१ नंतर ते अजिंक्यपद माउईवर राहिले नाही. २०२२ साली ते इटलीतील मोल्वेनो सरोवराकाठी गेले. आणि ८ ऑगस्ट २०२३ रोजी लहैना गाव आगीत भस्म झाले. पडीक मळ्यांत माजलेले परदेशी गवत वाळले होते, त्यात वारा सुटला; शंभरांहून अधिक माणसे दगावली. वडही होरपळला. आमच्या घरी ती बातमी वाचली तेव्हा सौभाग्यवती त्या दिवशी जेवली नाही. गावकऱ्यांनी त्या वडाला टँकरने पाणी घातले, मुळांशी खत दिले. सप्टेंबरात त्याच्या फांद्यांना हिरवे कोंब फुटल्याची छायाचित्रे आली. त्याचा काही भाग गेला तो गेलाच, परंतु झाड जगले.

ते छायाचित्र वहिनींनी दादांना दाखविले. वडिलांचे वय मी केव्हाच ओलांडले होते, आणि दादाही आता माझ्या ताटाकडे पाहीनासे झाले आहेत. चष्मा पुसून त्यांनी ते कोंब बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “मूळ शाबूत होते म्हणावयाचे.”