खाडीपट्ट्यातून बॅलार्ड पिअरला

महाडहून म्हाप्रळकडे जाणारी सडक धरली, म्हणजे सावित्रीच्या खाडीला लागून जो मुलूख येतो त्यास आमच्याकडे खाडीपट्टा म्हणतात. तुडील हे त्यातलेच एक गाव. पूर्वी भरतीच्या पाण्यावर गलबते बाणकोटाहून दासगाव-महाडपर्यंत चढत असत. तो व्यापार केव्हाच सडकेवर गेला; पाण्याशी असलेले नाते मात्र तुटले नाही. कोणाच्या ओटीवर बसून मुलाची विचारपूस करावी, तर ‘मुंबईस असतो’, ‘आखातात असतो’ किंवा ‘बोटीवर असतो’ यांपैकी एक उत्तर ठरलेले. या गावी मी काही वर्षे शिक्षक होतो. त्या काळी शेवटच्या बाकावर बसणारा माझा एक विद्यार्थी असाच बोटीवर लागला आहे.

यंदा आमच्या पुतण्याने घरातील नऊही माणसांना घेऊन समुद्रपर्यटनास जाण्याचा घाट घातला. सौभाग्यवतींना तो बेत प्रथम रुचला नाही. “पैसे मोजून पाण्यावर राहायचे, आणि परत मुंबईसच उतरायचे, ही कसली यात्रा?” असा त्यांचा प्रश्न होता, व त्यास समाधानकारक उत्तर मजपाशीही नव्हते. परंतु ही वार्ता तुडीलास पोचली आणि दुसऱ्याच दिवशी त्या विद्यार्थ्याची आई दारात उभी राहिली. “गुरुजी, माझा पोर त्याच बोटीवर हाये. सात महिने झाले. मला संगती न्या; धक्क्यावरून तरी बघीन.”

बॅलार्ड पिअर हे नाव आमच्या वाडवडिलांस विलायतेच्या टपाल-बोटींमुळे ठाऊक होते. कोकणच्या माणसाचा धक्का म्हणजे भाऊचा. त्याच बॅलार्ड पिअरजवळ पर्यटन-जहाजांसाठी भव्य स्थानक उभारले असून त्याचे उद्घाटन २०२५ च्या सप्टेंबरात झाले. आमची बोट मुंबईस नव्यानेच आलेली. फाटकाबाहेरून तिचे पांढरे माळ्यांवर माळे दिसू लागताच बाई म्हणाली, “ह्येच्यात माझा पोर कुठं गावायचा?”

ज्या दिवशी एका सफरीचे उतारू उतरतात आणि दुसऱ्या सफरीचे चढतात, तो दिवस बोटीवरील माणसांस सर्वांत कठीण. पाहुण्यांच्या लेखी बोट बंदराला लागली म्हणजे विसावा. चाकरीतल्या माणसाच्या लेखी ती लागली म्हणजे धावपळ. आदल्या रात्रीच उतारूंनी चिठ्ठ्या लावलेल्या पेट्या दाराबाहेर ठेवलेल्या असतात. पहाटे दोर बांधले जातात, पेट्या खाली जातात, आणि मंडळी न्याहारी आटोपून नऊ-दहापर्यंत उतरतात. नवी मंडळी दुपारी चढू लागतात. मध्ये जे दोन-तीन तास सापडतात, त्यांतच संपूर्ण बोट जणू कोणी राहिलेच नव्हते अशी व्हावी लागते. आमच्या या विद्यार्थ्याकडे अठरा खोल्या आहेत. प्रत्येक खोलीतील चादरी, अभ्रे, पंचे ओढून काढायचे, मोरी घासायची, गाद्या पुन्हा घालायच्या, पलंगाखाली राहिलेला कोणाचा चष्मा वा मुलाचे खेळणे शोधून जमा करायचे. खाली बोटीच्या पोटातून एक लांबलचक बोळ जातो. त्यातून मळक्या कपड्यांचे गाडे एका अंगाने आणि तांदूळ, भाज्या, अंडी, दूध यांचे ढीग दुसऱ्या अंगाने, असा राबता चालू असतो. कचरा उतरवायचा, इंधन व गोडे पाणी भरायचे, तेही याच वेळात. मुंबईहून सुटणाऱ्या सफरींत जैन स्वयंपाकाचीही सोय ठेवतात, हे ऐकून आमच्या घरातील वडीलधाऱ्यांचा जीव भांड्यात पडला.

ही तर मध्यम आकाराची बोट. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील मायामीहून पहिल्या सफरीस निघालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ ३६५ मीटर लांब असून तीवर सात हजारांहून अधिक उतारू मावतात, आणि त्यांच्या सेवेस सुमारे २,३५० माणसे असतात. महाडसारख्या गावची चांगली मोठी पेठ एका सकाळी रिकामी करून दुपारी पुन्हा भरावी, तसा हा प्रकार होय.

पावणेदोनच्या सुमारास तो फाटकाबाहेर आला. खोल्या तयार झाल्या होत्या, आणि वरिष्ठाने त्यास पंधरा मिनिटांची मोकळीक दिली होती. बाहेरचे शिजवलेले अन्न बोटीवर नेता येत नाही, हे त्याने आईला फोनवर सांगितले नव्हते. आणि ती बिचारी तांदळाच्या भाकऱ्या व सुक्या बोंबलांची चटणी घेऊन आली होती. तो डबा आमच्या सौभाग्यवतींनी महाडपासून स्वतःच्या मांडीवर सांभाळून आणला होता, हे येथे मुद्दाम नमूद करतो. आमच्या घरी बोंबलाचे नावही कोणी काढीत नाही. त्याने उभ्याउभ्याच अर्धी भाकरी खाल्ली. आई बोलत नव्हती. तिने त्याचा हात हाती घेतला, औषधी पाण्याने सोललेली बोटे उलटीपालटी करून पाहिली, आणि म्हणाली, “ह्ये काय लावतोस ह्यांना?” तो हसला. “हातमोजे असतात, आई. घाईत राहतात.” मग त्याने घड्याळ पाहिले. ते तिनेही पाहिले, आणि डब्याचे झाकण आपणच लावले.

आम्ही चढलो. बोट सुटण्यापूर्वी सर्वांस एकत्र जमवून प्राणरक्षक पट्टा कसा बांधावा हे दाखविण्यात आले. हा नुसता उपचार नव्हे. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्दिया’ कलंडली, तेव्हा नव्याने चढलेल्या कित्येकांस ही शिकवणी मिळालीच नव्हती. पुढे आंतरराष्ट्रीय नियम बदलला, आणि २०१५ पासून ती निघण्यापूर्वी किंवा निघताच देणे बंधनकारक झाले. आम्हां कोकणवासीयांस मात्र इटलीपर्यंत जावयास नको. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ सहाशेंहून अधिक माणसे घेऊन बुडाली. पट्टा बांधताना माझ्या वडील भगिनींनी तेच नाव घेतले आणि तोंडावर हात ठेवला.

खोलीत आलो, तो पलंगावरील चादरीस एक सुरकुती नव्हती, आणि पंचाचा हत्ती करून उशीवर बसविला होता. नातवंडांनी त्यावर झडप घातली. मी काही वेळ त्या पलंगावर बसू शकलो नाही.

सागरी कामगारांविषयीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे. आपल्या देशाने त्यास २०१५ साली मान्यता दिली. रात्री नऊ वाजता तो पुन्हा आमच्या दाराशी आला, तेव्हा मी मनाशी हिशेब केला. पहाटे साडेपाचपासून मधल्या सुट्या वजा जाता तेरा तास भरत होते. नियम मोडला, असे म्हणता येत नव्हते.

“गुरुजी,” तो हळूच म्हणाला, “आई गाडीत बसली का?”

पुतण्याच्या मित्राने तिला महाडच्या एसटीत बसवून दिल्याचा निरोप संध्याकाळीच आला होता. तो मी सांगितला. तुडीलास पोचल्याचा निरोप यावयाचा होता, परंतु किनारा मागे पडला होता आणि फोन मुका झाला होता. त्याने मान हलविली, कोरे पंचे आमच्या हाती दिले, आणि पुढच्या दारावर टकटक केली.