बास्तीलचे दगड आणि आपली बंधुता

पॅरिसला निघालेल्या मित्रांना आम्ही सांगतो, आयफेल टॉवर बघाच, पण कॉन्कॉर्द पुलावरूनही चालून या. 14 जुलै 1789 ला जनतेने बास्तीलचा तुरुंग ताब्यात घेतला. पुढे तो पाडून त्याचे दगड या पुलाला वापरले. राजाच्या तुरुंगावरून आज सामान्य माणूस चालतो!

तिथे दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हणायची रीत आहे. गिऱ्हाईक दुकानदाराचा मालक नाही, हे त्या एका शब्दात येते.

पण भारावून जाऊ नका. स्वातंत्र्य, समता, बंधुता भिंतींवर कोरणाऱ्या या देशाने वसाहतींमधली गुलामगिरी 1794 ला रद्द केली आणि नेपोलियनने 1802 ला ती परत आणली. ती कायमची गेली 1848 ला. स्त्रियांना मताधिकार मिळाला 1944 ला.

बाबासाहेबांनी 1954 च्या आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट सांगितले की, ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली. बंधुता मनात रुजली नाही, तर कायद्याने दिलेली समता काढून घेता येते. फ्रान्समध्ये हे घडले आहे. आपल्या संविधानाचे राखणदार म्हणून आपण हे विसरून चालणार नाही.

जयभीम!