आसऱ्याच्या टाकीतलं शेवाळ



पावसाळ्यात गच्चीवर, मोरीत हिरवा थर दिसला की आपण पाय जपून टाकतो. शेवाळ म्हणजे साधारण वनस्पती, एका शरीरात अनंत जीव, हे आपल्याला लहानपणापासून पाठ. मग घरात काचेच्या टाकीत शेवाळ मुद्दाम वाढवायचं आणि दर पंधरा दिवसांनी कमी करायचं, हे कसं चालतं? दशलक्षणात मंदिरात एकीने मला सरळच विचारलं. प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

टाकी माझ्या नातवाची. तो शिकायला पुण्याला गेला आणि खाऱ्या पाण्याची टाकी, दोन क्लाउनफिश, थोडे खडक असं सगळं वसईला माझ्याकडे राहिलं. खालच्या कपाटात पंचवीस लिटरची आणखी एक टाकी आहे. तिला रेफ्युजियम म्हणतात, म्हणजे आसरा. वरचं पाणी पाइपने खाली येतं, पंप ते परत वर चढवतो. खाली मासे नाहीत, म्हणून डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड नावाचे जीव तिथे निवांत वाढतात. आणि वाढतं किटोमॉर्फा, नायलॉनच्या हिरव्या दोऱ्याचा गुंता असावा तसं समुद्री शेवाळ.

मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे मला हे जमाखर्चाच्या वहीसारखं कळलं. माशांना घातलेलं खाणं ही जमा. त्याचं शेवटी नायट्रेट आणि फॉस्फेट होऊन ते पाण्यात साठत जातं. शेवाळ ते अंगात घेऊन वाढतं. पण वाढलेलं शेवाळ बाहेर काढलं, तरच ते खर्ची पडतं. नाही काढलं, तर गुंता इतका दाटतो की आतल्या धाग्यांपर्यंत उजेड आणि पाणी पोचत नाही. ते सडतात आणि घेतलेलं सगळं परत पाण्यात सोडतात. त्यात वरचे मासेही सापडतात. म्हणजे हात न लावणं ही इथे दया ठरत नाही.

उलट बाजूही आहे. पाणी अगदी निर्मळ झालं तर शेवाळ उपाशी मरतं. पांढरट पडतं, हातात घेतलं की तुटतं. म्हणून मी दर रविवारी तपासून वहीत मांडते. नायट्रेट 5 ते 10 पीपीएम, फॉस्फेट 0.03 ते 0.1 च्या दरम्यान असलं की शेवाळ हिरवंगार राहतं.

त्याचा दिवा मी रात्री लावते, वरच्या टाकीचा विझला की. अंधारात सगळे जीव श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि पाण्याचा पीएच उतरतो. खालचं शेवाळ त्या वेळी उजेडात असलं की तो वायू शोषून घेतं, पीएच फार हलत नाही. मे महिन्यात वसईचा उकाडा तुम्हाला ठाऊक आहे. पाण्यावर छोटा पंखा सोडला की पाणी थंड राहतं, पण आटतंही भराभर. आटतं ते पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. खारेपणाचा आकडा 1.025 च्या आसपास राहिला पाहिजे.

दुकानात कॉलर्पा नावाचं नेच्यासारखं सुंदर शेवाळ मिळतं. ते मी आणत नाही. एवढी पानं दिसतात, पण ती सगळी मिळून एकच पेशी असते, आत भिंती नाहीत, केंद्रकं मात्र असंख्य. वाचलं तेव्हा मला आपली साधारण वनस्पती आठवली. शास्त्र वेगळं आणि विज्ञान वेगळं, दोन्हींची गल्लत मी करत नाही, पण नवल वाटलं खरं. हे शेवाळ कधी कधी एका रात्रीत बीजरूपाने सगळं पाण्यात सोडून देतं आणि स्वतः संपतं. पाणी गढूळ होतं, प्राणवायू घटतो.

आता कापण्याबद्दल. पाणी गाळल्यावर जिवाणी ज्या त्या पाण्यात परत सोडायची, ही आपली रीत. मी तेच करते. टाकीचंच पाणी भांड्यात घेऊन त्यात काढलेला गुंता हलक्या हाताने हलवते, म्हणजे कोपेपॉड सुटतात. ते पाणी परत टाकीत. शेवाळ जिवंत असतानाच खाऱ्या पाण्याच्या पिशवीत घालून दुसऱ्या टाकीवाल्यांना देते.

खाडीत, सुरुची बीचवर किंवा गटारात मात्र कधीच नाही. 1984 मध्ये मोनॅकोच्या समुद्रात कॉलर्पाची एक जात वाढताना आढळली आणि पुढे भूमध्य समुद्रात दूरवर पसरली. 2000 मध्ये तीच कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सापडली, ती निपटायला 2006 उजाडलं. उत्सर्ग समिती मुनींसाठी सांगितली आहे, पण कुठे काय टाकावं हा विवेक गृहस्थालाही हवाच.

तरी मी स्वतःला फसवत नाही. जे कुणी नेत नाही ते वाळतं. कोपेपॉड पंपातून वर गेले की मासे ते खातात. माशांच्या विकतच्या खाण्यातही माशांचाच चुरा असतो. ही संकल्पी हिंसा नव्हे, आरंभी आहे, पण हिंसाच. संध्याकाळच्या प्रतिक्रमणात तिची आलोचना करते. नवा मासा आणायचा नाही, हा नियम घेतला आहे. आहेत त्यांना सोडून देणं हाही मार्ग नाही, टाकीत वाढलेला मासा खाडीत टिकायचा नाही.

क्लाउनफिश नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगू शकतो. मी सहासष्ट वर्षांची आहे. म्हणून नातवाला स्पष्ट सांगितलं आहे, की नोकरी लागली, खोली घेतली, की टाकी वहीसकट तुझ्याकडे.

तुमच्या घरात मुलांनी असा हट्ट धरला, तर दुकानात जाण्याआधी हा जमाखर्च त्यांच्यासमोर मांडा. जीव घरात आला की त्याचं खातं आपल्याच नावावर चढतं.

जय जिनेंद्र.