मोडींत न निघालेलीं इंजिनें

दिल्लीस जाणारा आपल्याकडील प्रवासी लाल किल्ला, कुतुबमिनार आणि राजघाट एवढें पाहून व उरलेला वेळ चांदणी चौकांत खर्चून परत फिरतो. मीहि तसाच दोनदां फिरलों होतों. तिसऱ्या खेपेस, 2005 च्या जानेवारींत, बरोबर आमचे धाकटे काका होते, आणि त्यांनीं गाडींत बसतांनाच सांगून ठेविलें होतें कीं, "तुझे किल्ले तूं पाहा. मला चाणक्यपुरींत नेऊन सोड म्हणजे झालें." काकांची सारी नोकरी कल्याणची शेड आणि बोरघाट यांमध्यें गेलेली. निवृत्त होऊन सतरा-अठरा वर्षें झालीं, तरी रात्रीं गाडीची शिटी ऐकूं आली कीं, ती गाडी किती मिनिटें उशिरा आहे हें ते अंथरुणांतूनच सांगत.

या प्रवासास एक घरगुती कारणहि होतें. आमच्या वाड्याच्या माळ्यावर काकांची एक लोखंडी पेटी आहे. तींत त्यांचा पितळी हातदिवा, हिरवें व तांबडें निशाण आणि जुनीं वेळापत्रकें. त्या दिवाळींत काकूंनीं माळा झाडावयास काढला, तेव्हां ही पेटी मोडवाल्यास द्यावी असा ठराव घरांत जवळजवळ मंजूर झाला होता. काका कांहींच बोलले नाहींत. फक्त चार दिवसांनीं त्यांनीं मला दिल्लीचें तिकीट काढावयास सांगितलें.

चाणक्यपुरी हा परराष्ट्रांच्या वकिलातींचा भाग. रुंद व स्वच्छ रस्ते, उंच कुंपणें, आणि त्यांमागें निरनिराळ्या देशांचीं निशाणें. कोळशाची धग, वाफ, तेलकट चिंध्या यांचा येथें पूर्वीं कधीं संबंध आलेला नसावा. अशा जागीं रेल्वेचें संग्रहालय कां बांधलें, हा प्रश्न कोणाच्याहि मनांत येईल. इंग्लंडांत यॉर्क शहरीं 1975 सालीं जें राष्ट्रीय रेल्वे-संग्रहालय उघडलें, त्यास तेथील जुनी इंजिनशेडच मिळाली. मधोमध फिरता चक्रमंच आणि त्याभोंवतीं, फुलाच्या पाकळ्यांसारखीं, रूळ पसरलेले. इंजिनें जेथें रोज रात्रीं विसांव्यास येत, तेथेंच तीं कायमचीं विसावलीं. दिल्लीस तसें झालें नाहीं. येथें दहा एकरांहून अधिक जागा घेऊन सारा संसार नव्यानें मांडावा लागला. मला यॉर्कची तऱ्हा अधिक रुचते हें खरें, परंतु नव्या जागेचा एक मोठा लाभ झाला, तो पुढें सांगतों.

कोनशिला बसली ती 7 ऑक्टोबर 1971 रोजीं, राष्ट्रपति वराहगिरि वेंकट गिरि यांच्या हस्तें. हा योग मोठा समर्पक म्हटला पाहिजे. कारण गिरि हे पूर्ववयांत बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांचे पुढारी होते. संग्रहालयाचें उद्घाटन 1 फेब्रुवारी 1977 रोजीं झालें. मधल्या सव्वापांच वर्षांत काय घडलें तें ध्यानांत घेण्यासारखें आहे. चित्तरंजनच्या कारखान्यानें रुंद रुळांवरील आपलें शेवटचें वाफेचें इंजिन 1970 सालींच बाहेर काढलें होतें व त्याचें नांव 'अंतिम सितारा' असें ठेविलें होतें. 1972 सालीं तेथील वाफेच्या इंजिनांचें काम अजीबात थांबलें. म्हणजे एकीकडे वाफेचा वंश खुंटत असतां दुसरीकडे त्याच्या स्मारकाचा पाया भरला जात होता. दहा-पंधरा वर्षें आणखी उशीर झाला असता, तर कित्येक यंत्रें वजनावर विकलीं जाऊन भट्टींत गेलीं असतीं. इंजिन म्हातारें झालें कीं तें मोडींत काढावयाचें, हा रेल्वेचा नित्याचा व्यवहार आहे, आणि व्यवहार म्हणून त्यांत गैर कांहींच नाहीं. शंभर टनांचें लोखंड अंगणांत ठेवून घेण्याची हौस कोणत्या हिशेबनिसास परवडेल?

हें काम तडीस जाण्यास ज्यांची फार मदत झाली ते मायकेल ग्रॅहम सॅटो नांवाचे इंग्रज गृहस्थ रेल्वेचे नोकरहि नव्हते. ते एका रासायनिक कंपनीच्या कामानें हिंदुस्थानांत होते. जुन्या इंजिनांचा शोध हा त्यांचा छंद. 1962 सालीं पतियाळाच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या आवारांत त्यांस एका विलक्षण आगगाडीचे अवशेष आढळले. ही पतियाळा संस्थानची एकरुळी गाडी. 1907 सालीं कर्नल बोल्स यांनीं ती उभारली. रस्त्याच्या कडेनें एकच रूळ. गाडीचा जवळजवळ सर्व भार त्यावरील लहान चाकांवर. आणि तोल राहावा म्हणून दुसऱ्या अंगास एक मोठें लोखंडी चाक, तें साध्या रस्त्यावरून चालावयाचें. एखाद्या लंगड्या माणसानें एक पाय ओट्यावर व एक खालीं ठेवून चालावें तशी ही चाल! महाराजांच्या पदरीं लष्करासाठीं शेंकडों खेंचरें होतीं. तीं शांततेच्या काळीं बसून खातात, तर त्यांस कामाला जुंपावें असा आरंभींचा विचार. बर्लिनच्या ऑरेनस्टाइन व कॉपेल यांचीं इंजिनेंहि आणविलीं. पुढें मोटारी आल्या व 1927 सालीं ही गाडी बंद पडली. त्यानंतर पस्तीस वर्षें ती तशीच पडून राहिली होती. अमृतसरच्या रेल्वे कारखान्यांत तिचें एक इंजिन दुरुस्त होऊन संग्रहालयांत आलें, आणि तें नुसतें दिसावयास नाहीं, तर वाफ भरून चालविण्याजोगें झालें.

आतां नव्या जागेच्या लाभाविषयीं. आगगाडीचें संग्रहालय बांधणें म्हणजे आधीं इमारत बांधून मग तींत वस्तु मांडणें नव्हे. येथें प्रथम यार्ड आंखावें लागतें आणि मग इमारत. भरणी, खडी, लांकडें, रूळ, पाण्याचा निचरा, हीं सर्व कामें खऱ्या स्टेशनांत होतात तशींच येथेंहि करावीं लागतात. कारण वस्तूचें वजन खोटें नसतें. त्यांतून आपल्या देशांत रुळांची रुंदी एक नाहीं. डलहौसीच्या काळीं ठरलेली साडेपांच फुटांची. 1870 नंतर काटकसरीसाठीं आलेली मीटरची. अडीच फुटांची, जिच्यावर 1897 पासून आपली बार्शी लाइट धांवूं लागली. आणि दोन फुटांची, माथेरानची. जुन्या शेडमध्यें हीं सारीं एकत्र नांदविणें कठीण. मोकळ्या आवारांत मात्र ज्याला जसें हवें तसें अंथरूण घालतां आलें. थोरल्या घरांत आजोबांचा पलंग, मुलांची सतरंजी आणि तान्ह्याचा पाळणा एकाच माजघरांत असतो, तसें त्या आवाराचें रूप मला वाटलें.

मधोमध अष्टकोनी इमारत आहे. तींत लहान प्रतिकृति, कंदील, सिग्नलचीं यंत्रें आणि एका हत्तीची कवटी आहे. 1894 सालीं हा हत्ती डाकगाडीवर चालून गेला होता. ही कवटी मुलांस इंजिनांपेक्षांहि अधिक आवडते असें दिसलें. बाहेर राजेरजवाड्यांचे डबे उभे आहेत. बडोद्याच्या गायकवाड महाराजांचा 1886 चा डबा, म्हैसूरकरांचा 1899 चा, आणि 1875 सालीं प्रिन्स ऑफ वेल्स येथें आले त्या वेळचा. काकांनीं या डब्यांकडे, लग्नघरांतील आहेराकडे पाहावें, तसें उभ्याउभ्याच पाहून घेतलें व ते पुढें सरकले.

ते खरोखर थांबले ते बंगाल-नागपूर रेल्वेच्या गॅरट इंजिनापाशीं. 1930 सालीं मँचेस्टरच्या बेयर-पीकॉक कारखान्यांत झालेलें हें धूड, चोवीस चाकांचें. मध्यें एक अवाढव्य बॉयलर आणि त्याच्या पुढें-मागें जणूं दोन स्वतंत्र इंजिनें. लांबी अशी कीं एका टोंकापासून दुसऱ्यास हाक मारावी. वजन सव्वादोनशें टनांवर. त्याच्याच आवारांत 'रामगोटी' नांवाचें 1862 चें चिमुकलें इंजिन आहे. तें पॅरिसला झालें, नलहाटीच्या चार फुटी रुळांवर चाललें, मग त्यास रुंद चाकें बसवून कलकत्त्याच्या नगरपालिकेनें शहराचा कचरा वाहावयास घेतलें. मला या रामगोटीविषयीं गॅरटपेक्षां अधिक आदर वाटला. कचरा वाहत राहिली म्हणूनच ती वांचली.

आणि मग काकांना त्यांचा 'खेकडा' भेटला.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनें मुंबई-पुणें मार्गावर वीज आणली, तेव्हां घाटांतील मालगाड्यांसाठीं 1928 च्या सुमारास हीं इंजिनें मागविलीं. पहिलीं कांहीं स्वित्झर्लंडांत विंटरथूर येथें झालीं. मध्यें उंच खोली, दोन्ही अंगांस लांब नाकें, आणि वळणावर हे भाग आपापले वळतात. चाकांना जोडणारे दांडे चालूं लागले कीं खेकड्याच्या पायांसारखे दिसत, म्हणून कामगारांनीं त्यास खेकडा म्हटलें. या आवारांतील खेकड्याचें नांव 'सर लेस्ली विल्सन'. मुंबईच्या एका गव्हर्नरांचें हें नांव काकांनीं कल्याणांत कोणाच्या तोंडून कधीं ऐकलें नव्हतें.

काकांनीं त्याच्या दांड्यावर हात ठेवला. मग कान लाविला. मीं विचारलें, "काका, काय ऐकतां?"

"कण्हत नाहीं रे," ते म्हणाले. "उभा असला कीं हा कण्हत असे. रात्रीं कर्जतला आम्ही याच्या अंगाशीं डबे उघडून जेवत असूं, आणि हा आपला आजारी माणसासारखा हूं हूं करी. नवीन पोरें घाबरत."

नंतर त्यांनीं मला घाट समजावून दिला. 1863 सालीं खुला झालेला बोरघाट सदतीस फुटांस एक फूट चढतो. चढणें सोपें, उतरणें कठीण; कारण मागचा शेंकडों टनांचा भार इंजिनास ढकलीत असतो. खेकड्यांत अशी योजना होती कीं उतरतांना त्याच्या मोटारीच वीज उत्पन्न करीत आणि ती वरच्या तारेंत परत जाई. "म्हणजे मी खंडाळ्याहून उतरलों, कीं खालून चढणाऱ्या गाडीला माझा हात लागे," काका म्हणाले. "तोंड दिसत नसे एकमेकांचें. पण हात लागे."

एवढ्यांत एका शाळेचीं मुलें आलीं. काकांच्या हिंदीला कल्याणचा वास फार, तरी त्यांनीं त्या मुलांस दांडे कसे चालत तें कोंपरांनीं करून दाखविलें. मुलांनींहि कोंपरें हलविलीं. हा प्रकार अर्धा तास चालला. माझा कुतुबमिनार त्या दिवशींहि राहिला.

परत येतांना गाडींत मीं सहज म्हटलें कीं, 16 एप्रिल 1853 रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, तिचीं तीन इंजिनें तेथें पाहावयास मिळावयास हवीं होतीं. काका हंसले. त्या तिहींपैकीं एकहि आज कोठें उरलेलें नाहीं. 1855 सालीं लीड्स येथें झालेली 'फेअरी क्वीन' उरली. हावडा-राणीगंज मार्गावर राबून 1909 सालीं निवृत्त झाली, पुढें 1997 सालीं पेरांबूरच्या कारखान्यानें तिला पुन्हां चालतीहि केली. परंतु ती कलकत्त्याची. आपल्या मुंबईचीं पहिलीं तीन कोणीतरी, केव्हांतरी, वजनावर दिलीं. "त्याचेंहि चुकलें नाहीं," काका म्हणाले. "त्याच्या दृष्टीनें तीं जुनीं इंजिनें होतीं. तो माळा झाडीत होता."

घरीं आल्यावर काकूंनीं विचारलें, "काय पाहिलेंत एवढें?" काकांनीं उत्तर दिलें नाहीं. त्यांनीं नातवाकडून पेटी खालीं काढविली आणि हातदिव्याची कांच फिरवून पाहिली. हिरवी व पांढरी फिरली. तांबडी गंजून अडकली होती. काकू थोडा वेळ पाहत उभ्या राहिल्या. मग आंत जाऊन त्यांनीं शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणली आणि "येथें सोडा, बिजागरीवर," असें म्हणून ती काकांपुढें धरली.