१२७ परत करायचं राहून गेलं

शिंदखेड्याच्या माझ्या क्लासला दोंडाईच्याहून आणि आजूबाजूच्या खेड्यांतून पोरं येतात. लिनक्स मराठीतून शिकायला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत. पण टर्मिनलवर एखादं अक्षर चुकलं की 'कमांड नॉट फाउंड' एवढंच इंग्रजीत येतं आणि नवखी पोरं की-बोर्डवरचे हात काढून घेतात. ते मला बघवेना.

कमांड चालवणाऱ्या बॅश या शेलमध्ये, २००९ साली आलेल्या ४.० आवृत्तीपासून, यावर सोय आहे. 'कमांड_नॉट_फाउंड_हँडल' या नावाचं फंक्शन लिहून ठेवलं, की अनोळखी कमांड आल्यावर बॅश तेच चालवतं. (झी-शेलमध्ये नावाच्या शेवटी 'हँडलर' लागतं.) उबंटू 'हे पॅकेज टाका' असं सुचवतं ते याच्याच जोरावर. मी त्यात अहिराणी घातली: 'हाई कमांड सापडनी नही.' पोरं खुलली, न घाबरता पुन्हा टाइप करू लागली.

घोटाळा शेवटच्या ओळीत होता. कमांड सापडली नाही तर शेल १२७ हा आकडा परत करतं. शून्य म्हणजे काम फत्ते. असं फंक्शन असलं की मात्र फंक्शन देईल तोच निकाल. माझी शेवटची ओळ 'एको'ची. ती व्यवस्थित छापली गेली, म्हणून शून्य.

सत्राअखेर पोरांचे प्रोजेक्ट दुसऱ्या डिस्कवर घेऊन मूळ फोल्डर काढायचं होतं. दोन्ही कामं एकाच ओळीत लिहिली, मधे दोन अँपरसँड: पहिलं जमलं तरच दुसरं. कॉपीसाठीची 'आरसिंक' कमांड लिहिताना दोन अक्षरं मागेपुढे झाली. अहिराणी ओळ उमटली आणि पाठोपाठ फोल्डर पुसलं गेलं. कॉपी झालेलीच नव्हती. काहींच्या फाइली पेनड्राइव्हवर मिळाल्या. बाकीच्यांना परीक्षेच्या तोंडावर सगळं नव्याने करावं लागलं. एका मुलीने घरच्या कापसाच्या विक्रीचा हिशेब मांडला होता, पावत्या बघून बघून. ती पुन्हा पहिल्या पावतीपासून बसली. त्या कष्टांची भरपाई मला करता आली नाही.

नंतर आणखी एक चूक दिसली. संदेश साध्या आउटपुटवर जात होता, त्यामुळे आउटपुट फाइलीत वळवलं की तो माहितीतच मिसळे. तो स्टँडर्ड एररवर पाठवायचा असतो.

तुमच्या मशिनवर असं फंक्शन असेल तर आजच एक चुकीची कमांड द्या आणि लगेच 'एको डॉलर प्रश्नचिन्ह' करून बघा. १२७ दिसलं नाही तर शेवटी 'रिटर्न १२७' लिहा. तोवर तिथे काही पुसू नका.