अंगठा गहाणाचा, कागद खरेदीचा

१/ “गहाण म्हणून अंगठा दिला, कागद निघाला खरेदीचा.” पणजोबांच्या जमिनीविषयी आमच्या आटपाडीच्या घरात एवढेच सांगितले जाई. मग ते कोर्टात का गेले नाहीत? या प्रश्नामागे जाताना मला १८७९ चा एक कायदा गवसला. त्याविषयी हा धागा.

२/ १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७ सांगते की कपटाला हेतू लागतो. विधान खोटे होते, बोलणाऱ्याला ते ठाऊक होते आणि फसवण्यासाठीच तो बोलला, हे दाखवावे लागते. त्यावर विसंबूनच आपण अंगठा दिला, हेही. दुसऱ्याच्या मनातले सिद्ध करणे सर्वांत अवघड!

३/ त्याच वर्षीच्या पुरावा कायद्याचे कलम ९२: लेखी दस्ताच्या अटींविरुद्ध तोंडी पुरावा चालत नसे. कपटाचा अपवाद होता. पण शाबितीचा भार आरोप करणाऱ्यावर. निरक्षर ऋणकोने पुरावा आणावा कोठून?

४/ १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला. शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या कर्जखतांवर होता. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व नगर जिल्ह्यांसाठी ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ आला.

५/ त्याच्या कलम १२ ने न्यायाधीशालाच कामाला लावले. व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासा, कपट वा गैरदबाव दिसतो का पाहा. ऋणकोने रक्कम कबूल केली, तरी ती कबुली समजून-उमजून दिलेली आहे ना, याची खात्री करा.

६/ पुढे जोडलेले कलम १०अ मला अधिक मोलाचे वाटते. कलम ९२ बाजूला ठेवून व्यवहाराचे खरे स्वरूप ठरवण्याचा अधिकार त्याने कोर्टाला दिला. सावकाराच्या मनात काय होते, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. ‘खरेदी’ वस्तुतः गहाण होती, एवढे दाखवले की पुरे.

७/ परंतु आटपाडी १९४८ पर्यंत औंध संस्थानात होती. ब्रिटिश मुलखाचा कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. शेजारचे खानापूर सातारा जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिश अमलात. जमीन शिवेच्या कोणत्या बाजूला, यावर दाद मागण्याची वाट ठरे.

८/ घरात जुने खरेदीखत असेल तर तीन गोष्टी पाहा. किंमत त्या काळच्या भावाशी जुळते का? विक्रीनंतर कब्जा कोणाकडे राहिला? सारा कोणी भरला? विकणाराच जमीन कसत राहिला असेल, तर त्या कागदाकडे पुन्हा एकदा संशयाने पाहायला हवे. घरातली हकिकत केवळ हकिकत म्हणून सोडून देऊ नका. तिला तारीख, गट आणि दस्त यांची जोड द्या.