ती तहान रोजाची नव्हती

2025 चा रमजान मार्चमध्ये आला. इफ्तारला बसताना मी खजुराच्या ताटलीशेजारी पाण्याचा एक तांब्या फक्त माझ्यासाठी भरून ठेवू लागले. पहिला ग्लास घशाखाली उतरायच्या आत दुसरा ओतायचा. "उन्हाचे रोजे आहेत, घसा कोरडा पडणारच," असे सासूबाई म्हणायच्या आणि ते मला पटायचे. दिवसभर फळ्यासमोर उभी राहून बोलणारी मी बाई, तहान लागणारच.

रात्री दोन-तीनदा लघवीला जाग यायची. सुरुवातीला तर मला वाटले, तहज्जुदसाठी अल्लाहनेच उठवले. वजू करून दोन रकात पढून पुन्हा आडवी व्हायची. मनाला बरे वाटायचे. पण ईद झाली, मेहमान आले-गेले, शीरखुर्म्याचे भांडे घासून वर ठेवले, तरी तहान तशीच आणि रात्रीचे उठणेही तसेच.

आता मागे वळून बघते तेव्हा आश्चर्य वाटते ते लक्षणांचे नाही, मी त्यांना शोधून दिलेल्या कारणांचे. वाचताना अक्षरे पुसट दिसू लागली, तर चव्वेचाळीस वय झाले, चाळिशी लागणारच म्हणून मे महिन्यात चष्मा केला. चार किलो वजन आपोआप उतरले, तर शाळेतल्या मैत्रिणींनी "मॅडम, डाएट कुठलं?" असे विचारले आणि मी खूश झाले. दुपारी पाचव्या तासाला खुर्चीतून उठवत नसे; ते पेपर तपासण्याचे आणि पाटस-दौंड रोजच्या ये-जा करण्याचे ओझे समजले. आणि भगिनींनो, एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते. नाजूक जागी खाज सुटायची. मेडिकलमधून मलम आणले, बरे वाटले, महिन्याने पुन्हा तेच. हे ना नवऱ्याला सांगितले, ना डॉक्टरांना. साखर वाढली की अशा जागी बुरशीचा संसर्ग वरचेवर होतो, हे मला नंतर कळले.

साखरेचा आजार मला नवा होता असेही नाही. माझ्या अम्मीला तो होता. हिवाळ्यात शेगडीजवळ पाय शेकताना तिचा अंगठा भाजला आणि तिला ते कळलेच नाही. पायाची संवेदना आधीच गेली होती. जखम भरली नाही, शेवटी अंगठा काढावा लागला. ते ड्रेसिंग मी स्वतः केले आहे. शिवाय माझा धाकटा मुलगा जन्मला तो सव्वाचार किलोचा. साऱ्या मोहल्ल्याने "माशाअल्लाह, केवढा गुटगुटीत" म्हणून कौतुक केले. आईला मधुमेह आणि स्वतःला चार किलोंहून मोठे मूल, या दोन गोष्टी असलेल्या बाईने तक्रार नसली तरी तपासत राहायचे असते. मला हे कुणी सांगितले नव्हते आणि मीही कधी विचारले नाही.

आमचा भाग उसाचा. तोड येण्याआधी शेतात येऊन उसात साखर किती भरली ते यंत्राने बघतात. स्वतःच्या रक्तातली साखर किती, हे मात्र आमच्या गल्लीत किती जणांना ठाऊक असेल?

जूनमध्ये तुकाराम महाराजांची पालखी वरवंडचा मुक्काम हलवून पाटसला आली. पुढे रोटीचा घाट चढायचा असतो, त्यामुळे इथे वारकरी टेकतात, चहा-फराळ करतात. आमच्या गल्लीतूनही दरवर्षी चहाचे पातेले जाते. मी पेले देत उभी होते आणि अधूनमधून स्वतःच पाणी पीत होते. शेजारीच आरोग्य पथकाचे टेबल होते. तिथली सिस्टर म्हणाली, "मॅडम, मघापासून पाचवा ग्लास बघतेय. बोट द्या जरा."

यंत्रावर आकडा आला 286.

मी म्हणाले, "मशीन बिघडलंय." ती हसली नाही. हात साबणाने धुवायला लावून, पुसून, दुसऱ्या बोटातून थेंब घेतला. 281. "हा टोचून बघितलेला अंदाज आहे, निदान नाही. उपाशीपोटी लॅबमध्ये तपासा, पण उशीर करू नका," ती म्हणाली.

मी चार दिवस उशीर केला. खोटे कशाला सांगू, अम्मीचा अंगठा डोळ्यांपुढून हलत नव्हता. कागदावर आले नाही तोवर ते खरे नाही, असे शिकलेल्या बाईलाही वाटू शकते. पाचव्या दिवशी नवऱ्याने फजरनंतर गाडी काढली आणि म्हणाले, "बस."

उपाशीपोटी साखर 162 आली. 126 किंवा जास्त म्हणजे मधुमेह. 100 ते 125 ही त्याची वेस. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी 8.4 होती, तिथे 6.5 पासून मधुमेह धरतात आणि 5.7 पासून वेस सुरू होते. लक्षणे नसतील तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, पुन्हा खात्री करतात. माझ्या बाबतीत दोन्ही आकडे एकच सांगत होते. डॉक्टरांनी हिमोग्लोबिनही बघितले, कारण रक्त कमी असले तर ती सरासरी फसवू शकते. आपल्या बायकांत रक्त कमी असणे काही दुर्मीळ नाही.

तहानेचे कोडेही त्यांनीच सोडवले. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की मूत्रपिंडे तिला धरून ठेवू शकत नाहीत. ती लघवीवाटे जाते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणजे मी पाणी जास्त पीत होते म्हणून उठत नव्हते. अंगातले पाणी जात होते म्हणून पीत होते. वजन उतरत होते तेही यामुळेच. आणि चष्मा! साखरेमुळे डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलतो. गोळ्या सुरू होऊन साखर उतरल्यावर दीड महिन्यात तो नवा चष्मा निरुपयोगी झाला. त्याचे पैसे वायाच गेले.

रमजानबद्दल एक-दोन गोष्टी. थेंबभर रक्त तपासणीला दिल्याने रोजा तुटत नाही, असे आमच्या मौलाना साहेबांनी स्पष्ट सांगितले आहे. मात्र पहाटे सहेरी करून सकाळी नऊला दिलेले रक्त उपाशीपोटीचे धरू नका. त्यासाठी किमान आठ तास काही खाल्लेले नसावे. साधे पाणी चालते. ज्यांना आधीच गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी रोजे धरण्याआधीच डॉक्टरांना भेटावे, चांद दिसल्यावर नव्हे.

मग मी घरच्यांच्या मागे लागले. नवरा शिडशिडीत. "मला कुठे पोट आहे?" ते म्हणाले. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा जो अभ्यास केला, तो नेमका अशांनाच लागू पडतो. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या बाळांहून कितीतरी हलकी. पण अंगात चरबीचे प्रमाण मात्र जास्त. दिसायला बारीक आणि आतून स्थूल. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, हेही मी त्यांना ऐकवले. ते गेले. 112 आली. त्या रात्रीपासून चहातली साखर अर्धी झाली आणि इशाच्या नमाजनंतर ते स्टेशनपर्यंत चालून येऊ लागले. कुरकुरत, पण चालतात.

राहिली मुलगी. एकोणीस वर्षांची, अंगाने भरलेली, मासिक पाळी पुढे-मागे होणारी. तिच्या मानेमागे काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा आहे. मी तो मळ समजून दर शुक्रवारी बेसन आणि लिंबू लावून घासायचे. कधी रागावायचे देखील, ओढणीखाली मान नीट धूत नाहीस म्हणून. माझ्या दुसऱ्या भेटीत ती सोबत आली होती. डॉक्टरांनी तिची मान बघितली आणि म्हणाले, "हा मळ नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं तेव्हा अशी त्वचा होते. हिचीही तपासणी करू."

परतताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. कुरकुंभचा फाटा गेला तेव्हा म्हणाली, "अम्मी, मग दोन वर्षं तू मला का घासत होतीस?"

मी तिचा हात धरला. शनिवारी उपाशीपोटी तिचे रक्त द्यायचे आहे.